खळ्यावरची डीपी

खारशेती गेली तरी महादेवबाबांनी खळं सोडलं नव्हतं. दिवाळी झाली की मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, चोपून चोपून जमीन घट्ट करायची, वर शेणाचा हात फिरवायचा. झोडायला भाताची एक पेंढी घरात येत नव्हती. निम्मी शेतं गोदामांच्या भरावाखाली गेली होती आणि उरलेल्यांत भरतीचं पाणी शिरून लव्हाळं माजलं होतं. तरी सून रंजिता शेणात हात घालायची आणि बाबा काठीवर हनुवटी टेकून बघत बसायचे.

खळ्याच्या कडेला पत्र्याची पडवी होती. दुपारची जेवणं आटपली की गावातल्या बाया तिथं करंदी, म्हणजे बारकी कोळंबी, सोलायला यायच्या. गावठाणात घराला घर चिकटलेलं, वारा म्हणून नाही. इथं खाडीवरून सरळ वारा यायचा. भामाकाकी सगळ्यांच्या आधी यायची, पाट टाकून मोक्याची जागा धरायची. मागून रंभा, मग बाकीच्या. ताटांत सोललेली करंदी साचत जायची, सालांवर माश्या बसायच्या आणि तोंडं चालू राहायची.

रंजिताचं घर गावाच्या टोकाला, खळ्याला लागून. नवरा, प्रणित, बंदरातल्या टगबोटीवर कामाला. महिना महिना पाण्यावर. घरात बाबा, ती आणि अजून दात न आलेली हेतल. सकाळपासून दुपारपर्यंत तिच्या तोंडून निघायचं ते "बाबा, च्या" आणि "बाबा, जेवायला". हेतलशी बोलायची, पण तिच्याकडून उत्तर कुठलं यायला? म्हणून दुपारी खळ्यावर पहिला पाट वाजला की तिचे हात भराभरा चालायचे. भांडी तशीच टाकून, पोरीला काखेत घेऊन ती पडवीत जायची.

"प्रणितचा फोन आलता का गो?" भामाकाकी विचारायची.

"रेंज नाय बोलतो."

"पान्यान रेंज नाय, आन मंग ही पोर कशी झाली?" रंभा हेतलच्या गालाला ओल्या बोटानं टोचायची. बाया हसायच्या, रंजिता खाली मान घालून करंदीचं डोकं मोडायची. हेतलच्या गालाला वास लागायचा. रात्री पोरीला जवळ घेतली की तो वास यायचा आणि रंजिताला बरं वाटायचं.

वैशाखात लाईटवाल्यांची गाडी आली. एक तरुण इंजिनियर बाई उतरली, कोमल मॅडम, खारघरहून आलेली. पायांत बूट, डोक्यावर ओढणी, घामानं कपाळ चमकत होतं. सोबत वायरमन दत्ता. मागून भामाकाकीचा मुलगा परेश, पंचायतीचा मेंबर. दोन-चार माणसं अशीच आली, गाडी दिसली म्हणून.

गावाची डीपी, म्हणजे घरोघर वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, उघाडीपाशी होती, खारबांधाच्या खाली. बांधातल्या त्या दारानं ओहोटीला पाणी बाहेर जायचं आणि भरतीला दार आपोआप मिटायचं. डीपी आली तेव्हा कुणाच्या जागेवर नको म्हणून गावानंच ती तिथं लावून घेतली होती. ती जागा सरकारी, कुणाचं काही जात नव्हतं. तेव्हा पाणी बांधाच्या आत येत नसे. आता गोदामांच्या भरावानं नाल्यांची तोंडं बुजली होती आणि उधाणही पूर्वीच्या खुणेवर थांबत नव्हतं. पाऊस आणि उधाण एकत्र आले की पाणी डीपीच्या पेटीला लागायचं आणि सबस्टेशनवरून लाईन बंद करायला लागायची. मग गाव अंधारात.

"आता उंच चौथऱ्यावर नवी डीपी मंजूर आहे," कोमल मॅडम म्हणाली. "तारा पण उघड्या नाहीत, कव्हरवाली केबल टाकणार. वादळात फांदी पडली तरी लाईन जाणार नाही. फक्त जागा द्या. ह्या खळ्याची हाईट परफेक्ट आहे."

"परेशच्या अंगणाची बी हाईट परफेक्ट हाय," रंभा पडवीतून बोलली.

"आन गाड्या कुठं लावू? तुज्या डोक्याव?" परेश म्हणाला.

"डोक्याव नको, पाटी असते माजी."

माणसं हसली. मॅडमही हसली. मग सगळ्यांनी बाबांकडं बघितलं. बाबा काठीनं जमिनीवर रेघ ओढत होते. रेघ पुरी करून बोलले.

"माजं आता काय? मी आज हाय, उद्या नाय. डीपी जिच्या दारान येनार तिला इचारा. सुनेला."

रंजिताच्या हातातली करंदी ताटात पडली. लग्न होऊन आल्यापासून गावानं तिला काही विचारलं नव्हतं. आता एवढी माणसं उभी आणि सगळ्यांच्या नजरा पडवीकडं. पदर सावरून ती उठली. डीपी आली म्हणजे पडवी जाणार, हे तिला मॅडमच्या बोटावरून कळलं होतं. बोट पडवीवरूनच फिरलं होतं.

"ह्यांना इचारून सांगते," ती म्हणाली.

प्रणितचा फोन लागला तेव्हा मागं इंजिनचा आवाज होता. "बाबा बोलतील तसं कर," तो ओरडून म्हणाला. बाबा म्हणाले, "तू बोलशील तसं." आणि रंजिताला बोलताच येईना. बोलायचं तरी काय? माझी दुपारची सोबत जाईल म्हणून जागा देत नाही? हे ऐकून कुणीही हसलं असतं. पोरीला मांडीवर घेऊन ती मनातल्या मनात वाक्य जुळवायची आणि ते लहान मुलाचं वाटून सोडून द्यायची. मॅडमचे दोन फोन आले. "विचार चाललाय," ती दोन्ही वेळा म्हणाली. मग पाऊस लागला आणि फोन यायचे थांबले.

श्रावणातलं उधाण. आदल्या दिवसापासून पाऊस धरून होता. सकाळी देवळाच्या भोंग्यावरून परेशचा आवाज आला, "खांड पडली! उघाडीच्या उजव्या अंगाला खांड पडली! घरटी एक मानूस या!"

बांध फुटला की घरटी एक माणूस जायचा, ही गावाची फार जुनी रीत. शेती नव्हती तरी रीत होती, कारण आता बांधामागं डीपी होती. न जाणाऱ्या घराला कुणी काही बोलत नसे. त्या घराशी बोलतच नसे.

बाबा पडवीत उठून उभे राहिले. काठी उचलली.

"बसा तुमी," रंजिता म्हणाली. तिनं साडीचा काष्टा घातला, हेतलला पाजलं, तिच्या तोंडाला लागलेलं दूध पुसलं आणि तिला भामाकाकीच्या ओटीत नेऊन दिलं. भामाकाकीचा परेश बांधावर होता, त्यामुळं तिच्या घरचा माणूस झाला होता.

"जा, जा. मी बगतंव हिला. रडली तर साखरंचं पानी दीन."

बांधावर पाय ठरत नव्हता. खांडीतून पाणी आत ढकलत होतं, गढूळ, वर फेस. माणसं ओळीनं उभी. आतल्या अंगाला चौघं चिखल कापत होते. कापलेला गोळा हातोहात पुढं जायचा आणि खांडीच्या तोंडाशी परेश आणि दोघं तो रोवलेल्या लाकडी मेढींच्या मध्ये दाबायचे, वर पेंढा, वर पुन्हा गोळा. रंजिता रंभा आणि एका म्हाताऱ्याच्या मध्ये उभी राहिली. गोळा गार, जड, शिंपल्यांनी भरलेला. शिंपल्यांनी बोटं कापत होती. पाऊस डोळ्यांत जात होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

सुरुवातीला माणसं बोलत होती. कुणी म्हणालं, गोदामवाल्यांनाबी बोलवा, घरटी एक मानूस. कुणी म्हणालं, त्यांचा वॉचमन येल, छत्री घेऊन. मग बोलणं थांबलं. फक्त "घे" आणि "हां".

हेतलची दूध प्यायची वेळ झाली हे रंजिताला छातीनं सांगितलं. आधी नुसतं ताणल्यासारखं झालं. मग दुखायला लागलं. मग पावसाच्या गार पाण्यात दोन जागी ऊब आली आणि ती खाली उतरायला लागली. पाऊस होता, कोण बघतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण ब्लाऊज फिकट होता. पलीकडच्या ओळीतल्या एकानं बघितलं आणि मान वळवली, आणि त्या मान वळवण्यानंच तिला मेल्यासारखं झालं. पुढचा गोळा आला तो तिनं छातीशी धरला. चिखल लागला, डाग झाकला. त्यानंतरचा प्रत्येक गोळा ती छातीशी धरायची आणि मगच पुढं द्यायची.

"गोळा काय पोर हाय का गो, छातीशी लावायला?" रंभा ओरडली. मग तिचं लक्ष गेलं. तिनं रंजिताचा दंड धरून तिला फिरवलं, पाठ माणसांकडं आणि तोंड खाडीकडं केलं आणि स्वतः तिच्या जागी उभी राहिली. "अशी उबी राह्य. म्हातारबा, तुमी मना द्या, मी हिला देतंव."

खांड दुपारी बुजली. माणसांनी हात कमरेवर ठेवले. परेशनं बिडी पेटवायला घेतली आणि ती ओली निघाली. तेवढ्यात रंजिताला, तोंड खाडीकडं असल्यामुळं, सगळ्यांच्या आधी दिसलं. पाणी बांधाच्या माथ्याला आलं होतं. बांध शाबूत होता. पाणी त्याच्यावरून येत होतं, सरळ, सगळ्या लांबीवरून, जशी भरलेली परात कडेवरून सांडावी.

कुणी गोळा उचलला नाही. उचलून टाकायचा कुठं? सगळे तसेच उभे राहिले आणि पाणी पायांवरून पलीकडं उतरत, पसरत डीपीच्या पेटीला लागलं. दत्तानं वरच्या अंगाला उभं राहून सबस्टेशनला फोन केला. गावात कुठंतरी चालू असलेला रेडिओ बंद पडला.

माणसं घराकडं वळली तेव्हा रंजिताच्या कानावर आलं. कुणी मुद्दाम तिला ऐकवलं नव्हतं, आवाज फक्त खाली आणला नव्हता. "खळ्याव असती तर आज लाईट असती."

हेतल साखरेचं पाणी पिऊन, रडून, दमून झोपली होती. रंजितानं तिला तिथंच भामाकाकीच्या ओटीवर, चिखलाच्या अंगानं पाजलं. चिखल सुकून तडकत होता. भामाकाकी समोर बसून होती. तिच्या मागं फ्रीजर, मिठाचा नुसता हात लावून ठेवलेल्या करंदीनं आणि बोंबलांनी भरलेला. पनवेलच्या बाजारात न्यायचा माल. ती दर थोड्या वेळानं उठायची, झाकणावर हात ठेवायची आणि न उघडता परत बसायची.

लाईट आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. पंप बंद म्हणून नळ कोरडे. पावसाच्या पाण्याखाली पातेली लावून रंजितानं घर चालवलं. फोन बंद पडलेला, प्रणित कुठं होता देव जाणे. दुपारी खळ्यावर कुणी आलं नाही. पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. तिनं पडवीत पाट टाकून ठेवला होता, कुणी आलं तर असावा म्हणून. पाटावर कुत्रं येऊन बसलं.

भामाकाकी आली ती टोपली घेऊन. टोपलीतला वास तिच्या आधी आला. सगळा माल काळा पडलेला. ती खळ्याच्या कडेवरून खाडीच्या उतारावर टोपली रिकामी करत होती, खेपेवर खेप. रंजिता मदतीला गेली. दोघी मासळी ओतत राहिल्या. कावळे जमले.

"तुना शिव्या देयाला आलतू," भामाकाकी शेवटी म्हणाली. "येता येता इसरलू."

रंजितानं टोपली खाली ठेवली. बोलायचं होतं ते तिला आताच बोलता येणार होतं.

"काकी, डीपी बसली तर पडवी जाईल. तुमी करंदी कुठं सोलनार?"

भामाकाकीनं तिच्याकडं बघितलं. प्रश्न तिला खरोखरच कळला नव्हता.

"कुठं म्हंजे? आपापल्या घरान. पंखा असंल ना. पंख्याखाली बसू."

रंजितानं मान हलवली. कावळा एक करंदी घेऊन उडाला, उडता उडता ती पडली.

"बसवा मंग," ती म्हणाली. "परेशभावजींना सांगा, मॅडमना फोन करा. रंजितानं हो बोललंय."

भामाकाकीनं रिकामी टोपली डोक्यावर उपडी घेतली आणि चिखलातून जवळजवळ पळतच गावाकडं गेली.

पाऊस उघडल्यावर काम लागलं. पडवीचे पत्रे दत्तानं आणि त्याच्या माणसांनी एका सकाळीत उतरवले. खळ्यात खड्डा घ्यायला गेले तर पहार लागेना, इतकी वर्षं चोपलेली जमीन. "काय जमीन हाय बाबा ही," दत्ता घाम पुसत म्हणाला. बाबा काठी टेकत जवळ गेले. "त्या अंगानं मार," ते म्हणाले, "तिथं मऊ हाय." आणि मग घरात येऊन भिंतीकडं तोंड करून पडले. रंजितानं जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाले, "भूक नाय," पण तिनं ताट आणून ठेवल्यावर जेवले.

चौथरा माणसाच्या डोक्याच्या वर गेला. वर डीपी चढली. भोवती जाळीचं कुंपण आलं, कुंपणावर लाल पाटी. काळी जाड केबल गावाकडं गेली. कोमल मॅडम पेढे घेऊन आली, हेतलला उचललं, बाबांच्या पाया पडली. "आता पावसाळ्यात बघा तुम्ही," म्हणाली. गाव जमला होता. परेशनं नारळ फोडला. त्या दिवशी खळ्यावर इतकी माणसं होती की रंजिता चहा करता करता दमली, आणि तिला वाटलं, उगाच घाबरले होते मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं भांडी लवकर घासली. कुणी आलं नाही. यायला जागाच नव्हती.

डीपी बारीक गुणगुणायची. त्या आवाजाला कंटाळून बाबांनी खाट पुढच्या खोलीत नेली. हेतल मात्र दारात बसून ऐकायची आणि ओठ मिटून तसाच आवाज काढायची. रंजिता तिच्याकडं बघून हसायची, मग कुणाला तरी हे दाखवावं म्हणून इकडं तिकडं बघायची.

हेतल चालायला लागली तेव्हा पुन्हा श्रावण आला. उधाणाच्या दिवशी पाणी बांधावरून आलं, उघाडी बुडाली, जुनी डीपी काढून नेलेली जागा बुडाली, रस्ता बुडाला. भोंग्यावरून कुणी हाक दिली नाही. कशाला देणार? दिवेलागणीला रंजिता दारात उभी राहिली. खाली पाण्यावर सगळ्या गावाचे दिवे पडले होते. खिडक्या निळ्या होत होत्या, मालिकेतल्या बाईचं रडणं एका घरातून सुरू व्हायचं आणि सगळ्या घरांतून ऐकू यायचं. भामाकाकीच्या घरी फ्रीजर चालू होता. तिचा माल या वर्षी शाबूत होता, हे रंभाकडून कळलं होतं, तेही बाजाराच्या रिक्षात. रंजिताला ते ऐकून आनंद झाला होता, खरंच झाला होता.

"कोन आलाय काय गो?" बाबांनी आतून विचारलं.

"नाय, बाबा. पानी बगते."

त्याच पावसात, उधाण ओसरल्यावरच्या एका संध्याकाळी, गाव एकदम काळं झालं. डीपीवर काहीतरी फाटकन वाजलं होतं. रंजितानं हेतलला उचललं. फोन वाजला.

"रंजिता, बग गो, काय झालं? डीओचा फ्यूज पडलाय का?" भामाकाकी.

"वाजलं कायतरी. दिसत नाय अंधारान."

"थांब, आमी येताव. परेशनं दत्ताला फोन लावलाय. सगळीच येताव, घरान गरमतंय नुसतं."

खालून बॅटऱ्या निघाल्या. एक, मग दोन, मग कितीतरी, गावठाणाच्या बोळातून बाहेर येऊन चढाच्या वाटेला लागलेल्या. बोलणं ऐकू येत होतं, रंभाचं हसणं ओळखू येत होतं, पोरं केकाटत होती. रंजितानं पोरीला बाबांच्या खाटेवर ठेवलं. मोठं पातेलं काढलं, डीपीचा नारळ फुटल्या दिवसापासून न काढलेलं. पाणी ओतलं, हाताच्या अंदाजानं साखर टाकली, आलं ठेचलं, दुधाची दोन्ही पाकिटं फोडली. मेणबत्तीच्या उजेडात कप हुडकले, कान तुटलेलेही घेतले. ओटीवर चटया टाकल्या. एक चटई बाबांच्या अंगाखालची होती, तीही काढली.

"काय चाललंय गो तुजं?" बाबा म्हणाले.

"येतात सगळी."

चहाला बुडबुडे आले तेव्हा डोक्यावरचा दिवा लागला. पंखा कुरकुरला आणि फिरला. दत्तानं सबस्टेशनवरूनच काहीतरी केलं असावं. खाली गावात एकच ओरडा उठला, आनंदाचा. रंजिता कपड्याला हात पुसत बाहेर आली.

बॅटऱ्या वडाच्या वळणापर्यंत आल्या होत्या. तिथं त्या थांबल्या, एकमेकींवर पडल्या. मग एकेक करून विझत गेल्या. रंभाचं हसणं पुन्हा ऐकू आलं, या वेळी लांबून. मागं वळलेली माणसं उजेडात नीट दिसत होती. भामाकाकीनं नातवाचा हात धरला होता आणि ती भराभरा चालत होती, घरी पंख्याखाली.

मागं डीपी गुणगुणायला लागली होती. आत चहा उतू गेला आणि शेगडी चर्र वाजली.

"कोन आलता काय?" बाबांनी विचारलं.

रंजितानं पातेलं उतरवलं, त्यातला एक कप भरला आणि त्यांच्या हातात दिला.

"नाय, बाबा," ती म्हणाली. "लाईट आली."